घडी मोडण्यापूर्वी...

तुळशीचं लग्न लागलं की घरोघरची कपाटं आणि ट्रंका उघडायला लागतात. कुणाच्या भाच्याचं लग्न, कुणाच्या नणंदेच्या मुलीचा साखरपुडा, कुठे मुंज, कुठे डोहाळजेवण. वर्षभर मलमलच्या कापडात गुंडाळून ठेवलेली पैठणी बाहेर येते. यजमानांचा सूट, लेकीची ऑर्गंझाची साडी, धाकट्याची शेरवानी, सगळं पलंगावर पसरलं जातं. आणि सगळ्यांची तक्रार एकच. घड्यांच्या रेषा आणि सुरकुत्या!

मोठ्या शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर ड्रायक्लीनर असतो. आपल्या तालुक्याच्या गावात इस्त्रीवाले दादा असतात. त्यांचा हात बसलेला असतो शर्ट-पँटवर, आणि लग्नसराईत त्यांच्याकडे कपड्यांचा हा एवढा डोंगर! त्यात आपली नाजूक साडी कुठे द्यायची, असं मनात येतं. मग काय, घरची इस्त्री आणि आपण.

नवी साडी पहिल्यांदा नेसण्याला आपण ‘घडी मोडणं’ म्हणतो. कित्येक घरांत ती घडी मोडायचा मान लाडक्या बहिणीला नाही तर जावेला देतात. पण वर्षानुवर्षं बसलेली घडी कापडाला न दुखवता कशी मोडायची, हे मात्र आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं.

गेली २५ वर्षं मी गावात शिवणाचा क्लास घेते. दर लग्नसराईत एक तरी मैत्रीण पिशवीतून साडी काढते आणि हळूच विचारते, “ताई, एवढ्या जागी काही लावून देता येईल का हो?” बघावं तर पदराला इस्त्रीच्या टोकाएवढं भोक, नाही तर चिकटून आकसलेली जरी. मी एखादी वेलबुट्टी लावून झाकून देते. पण त्या साडीमागे कुणाची भिशी असते, कुणाचे वर्षभर साठवलेले दुधाचे पैसे असतात, कुणाची आई असते. त्यावर कुठला पॅच लावणार? म्हणून यंदा म्हटलं, सीझन ऐन भरात यायच्या आत हे सगळं एकदा नीट लिहूनच काढावं.

सुरकुती जाते कशी?

आपल्याला वाटतं, सुरकुती इस्त्रीनं दाबून जाते. म्हणून ती गेली नाही की आपण बटण आणखी पुढे फिरवतो आणि जोर लावतो. खरी गंमत वेगळीच आहे. कापडाचा धागा सूक्ष्म साखळ्यांचा बनलेला असतो आणि त्या साखळ्या एकमेकींना धरून असतात. सुती, रेशमी, लोकरी कापडाला ओलावा मिळाला की ही पकड सुटते, धागा सैलावतो आणि वाळताना ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा पकड घेतो. घामानं ओली झालेली साडी तशीच चुरगळून ठेवली तर सुरकुत्या पक्क्या होतात, त्या यामुळेच. पॉलिस्टर पाणी फारसं पीत नाही. ते सैलावतं उष्णतेनं, आणि त्यालाही फार उष्णता लागत नाही. साधी वाफसुद्धा पुष्कळ होते.

म्हणजे काय, तर सुरकुती जायला चार गोष्टी लागतात: थोडा ओलावा, थोडी ऊब, थोडं वजन आणि वेळ. यातला वेळ आपण देत नाही आणि त्याची भरपाई उष्णतेनं करायला जातो. वऱ्हाड निघायच्या तासभर आधी इस्त्री तापवली की हात घाईनं चालतो आणि साड्या जळतात त्या नेमक्या अशाच वेळी. कपडा दोन-तीन दिवस आधी बाहेर काढला, तर निम्म्या सुरकुत्यांना इस्त्री लागतच नाही. सारं सांगायचं आहे ते एवढंच. बाकीचा तपशील.

आधी कापड ओळखा

दुकानदार ‘सिल्क’ म्हणाला म्हणजे ते रेशीम असेलच असं नाही. ‘आर्ट सिल्क’मधलं ‘आर्ट’ म्हणजे कला नव्हे, आर्टिफिशियल! ते रेयॉन असू शकतं नाही तर पॉलिस्टर. शंका असेल तर पदराच्या गोंड्यातला किंवा आतल्या शिवणीतला एक धागा काढा, चिमट्यात धरा आणि पाणी घातलेल्या ताटलीवर काडी लावून बघा. अस्सल रेशीम हळू जळतं, केस जळल्यासारखा वास येतो आणि काळी राख बोटांत चुरते. पॉलिस्टर आकसतं, वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. सुती आणि रेयॉन कागदासारखं जळतं, वासही कागदाचाच. उभा आणि आडवा धागा वेगवेगळा तपासा, कारण पुष्कळ साड्यांत दोन्हींची जात निराळी असते.

जरीचंही तसंच. जुन्या अस्सल जरीत चांदीची तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो. मधल्या प्रतीची जरी तांब्याच्या तारेची असते. आणि आज बाजारात सर्रास दिसणारी चमचमती जरी म्हणजे चमक चढवलेली प्लॅस्टिकची पट्टी. धातूची जरी एक वेळ गरम इस्त्री सोसेल, प्लॅस्टिकची मात्र आकसून बसते. साडी महाग नसेल तर जरी प्लॅस्टिकचीच आहे असं धरून चाला, म्हणजे चूक व्हायची नाही.

मिश्र कापडाचा नियम सोपा आहे. त्यातला सगळ्यात नाजूक धागा जेवढं सोसतो, तेवढीच उष्णता सगळ्या कापडाला. इरकल साडीचं अंग सुती असलं तरी पदर आणि काठ बहुधा रेशमी किंवा आर्ट सिल्कचे असतात. अंगाला लावलेली इस्त्री तशीच पदरावर नेऊ नका.

इस्त्रीवरचे ठिपके

कपड्याच्या आतल्या लेबलवर इस्त्रीचं छोटं चित्र असतं आणि त्यात ठिपके असतात. एक ठिपका म्हणजे इस्त्रीच्या तळाची उष्णता जास्तीत जास्त ११० अंश सेल्सिअस, दोन ठिपके म्हणजे १५० आणि तीन म्हणजे २००. नायलॉन आणि अ‍ॅक्रिलिक एका ठिपक्याचं, रेशीम, लोकर आणि पॉलिस्टर साधारण दोन ठिपक्यांचं, सुती आणि लिनन तीन ठिपक्यांचं. चित्रावर फुली असेल तर इस्त्री लावायचीच नाही. साड्यांना लेबल क्वचितच असतं, म्हणून हे पाठच करून टाका.

आणखी एक गोष्ट. इस्त्री पहिल्यांदा तापते तेव्हा ठरवलेल्या आकड्यापेक्षा जास्त तापू शकते. दिवा विझला की लगेच रेशमावर टेकवू नका. दिवा एक-दोनदा लागून विझू द्या, मग सुरुवात करा. आणि इस्त्री तापते पटकन, निवते मात्र सावकाश. म्हणून आधी सगळ्यात नाजूक कपडे, मग जाडेभरडे. आपण नेमकं उलट करतो. आधी मुलांचे शाळेचे गणवेश आणि मग त्याच तापलेल्या इस्त्रीनं साडी!

पहिली पायरी: इस्त्रीविना

कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी साडी काढा. सावलीत, जिथे थेट ऊन येत नाही अशा खोलीत, पलंगावर स्वच्छ चादर अंथरून तिच्यावर जमेल तेवढी मोकळी पसरा. साडेपाच मीटर एकदम मावत नाही. मग सैल पदर-पदर करून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बाजू बदला. पावसाळी दमट हवेत एवढ्यावरही पुष्कळ काम होतं, कारण हवेतला ओलावाच धाग्याला सैलावतो. मराठवाड्या-विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात खोलीत एक ओला टॉवेल वाळत घाला, तेवढाच हवेला गारवा आणि कापडाला ओलावा.

मग आपल्या आज्यांचा उपाय. गादीखालची इस्त्री! त्या काळात तांब्यात निखारे घालून कपड्यावर फिरवायचे किंवा सरळ घडी गादीखाली सारायची. ती युक्ती आजही तेवढीच चांगली आहे. साडी जुन्या घडीपेक्षा वेगळ्या ठिकाणी मोडायची, वर-खाली सुती चादर घ्यायची आणि रात्रभर गादीखाली ठेवायची. झोपणाऱ्याचं वजन आणि अंगाची ऊब, दोन्ही फुकट. मात्र टिकल्या, मणी, भरतकाम असलेलं काही आणि मखमल इथे ठेवायची नाही.

दुसरी पायरी: वाफ

वाफेत ओलावाही आहे आणि ऊबही, म्हणून नाजूक कपड्याला ती इस्त्रीपेक्षा सोयीची. हल्ली हातात धरायचे छोटे स्टीमर मिळतात. एकदोघींनी मिळून घेतला तरी चालतो. कपडा रुंद हँगरला लावा, स्टीमर आधी दुसरीकडे धरून थेंब उडत नाहीत ना ते बघा आणि मग वीतभर अंतरावरून वरून खाली न्या. दुसऱ्या हातानं कापड अलगद खाली धरा, ओढू नका. ओलं रेशीम कोरड्या रेशमापेक्षा कमजोर असतं. शिफॉन-जॉर्जेट ओढलं की काठ लांबतो आणि मग निऱ्या सरळ पडतच नाहीत.

स्टीमर नसेल तर न्हाणीघर आहेच. कढत पाण्याच्या दोन बादल्या ठेवायच्या, कपडा दूर खुंटीला हँगरवर लावायचा, दार लावून घ्यायचं आणि पंधरा-वीस मिनिटांनी कपडा बाहेर काढून मोकळ्या हवेत वाळवायचा. सुटाच्या कोटाला हा उपाय फार छान लागू पडतो.

पण इथे एक गोष्ट कळकळीनं सांगते. न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल तर वाफ करायला म्हणून तो चालू ठेवून दार-खिडकी मुळीच बंद करू नका. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, माणूस भोवळ येऊन पडेपर्यंत कळत नाही. यानं माणसं गेली आहेत. पाणी बाहेर तापवा आणि बादल्या आत न्या. पाणी तापवायचा रॉड वापरत असाल तर आधी बटण बंद, मग पिन काढायची आणि मगच बादलीला हात. इस्त्री नाही तर स्टीमरची वायर न्हाणीघरात नेऊच नका. साडीची सुरकुती काय, राहिली तर राहिली.

कुकरची वाफही नको. तिच्यात डाळ-तांदळाचा अंश असतो आणि त्याचे डाग रेशमावर बसतात.

तिसरी पायरी: इस्त्री लावायचीच झाली तर

जमिनीवर सतरंजी, तिच्यावर घोंगडी किंवा ब्लँकेट आणि वर स्वच्छ पांढरी सुती चादर. रंगीत चादर नको, रंग लागतो. इस्त्रीचा तळ पुसून घ्या. काल खळीच्या कपड्यांना लावली असेल तर तळाला खळ जळून चिकटलेली असते आणि ती नेमकी मोतिया रंगाच्या साडीवर उतरते.

मग लागतं मधलं कापड. जुनं, शंभर वेळा धुतलेलं मलमलचं धोतर किंवा पंचा यासाठी जपून ठेवा. नाजूक कपड्याला इस्त्री थेट टेकवायची नाही, हे कापड मध्ये हवंच. ओलावा द्यायचा तोही या कापडाला. रेशमावर हातानं पाणी शिंपडलं की थेंबाथेंबाचे कडेला गडद वर्तुळ असलेले डाग पडतात. त्या थेंबाबरोबर रंग, खळ आणि पाण्यातले क्षार कडेला सरकतात आणि तिथेच वाळतात. आपल्याकडे बोअरचं पाणी खारट, त्यामुळे तर जास्तच. म्हणून मधलं कापड ओलं करून घट्ट पिळा, पाच मिनिटं वाऱ्यावर ठेवा, नुसतं दमट राहिलं की वापरा. स्टीम इस्त्रीतही बोअरचं पाणी घालू नका. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात मिळतं. फक्त बाटलीवरचं नाव नीट वाचून घ्या, कारण त्याच दुकानात बॅटरीचं अ‍ॅसिडही असतं!

आधी चाचणी. साडीचं जे टोक आपण आत खोचतो, तिथे हातभर जागेवर कमी उष्णतेत इस्त्री लावून बघा. कापड कडक झालं, चमकलं, रंग बदलला तर थांबा. सगळं ठीक असेल तर पुढे चला. इस्त्री घासत नेऊ नका. ठेवा, दोन-तीन सेकंद थांबा, उचला, पुढे ठेवा. आणि झालं की लगेच घडी घालू नका. ही सगळ्यात मोठी घाई! कापड गरम आहे तोवर धागा सैल असतो. त्याच वेळी मोडलं की नवी रेषा पक्की. दहा-पंधरा मिनिटं पसरून निवू द्या.

ज्याची त्याची तऱ्हा

पैठणी: येवला-पैठणच्या पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. हातमागावरच्या अस्सल पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, मोरही आणि काठही. त्यामुळे ‘उलट्या बाजूनं इस्त्री’ हा नियम इथे निम्माच उपयोगी. खालीही मऊ कापड घ्या, वरही घ्या. पदराच्या जरीवर दमट कापड नको, तिथे कोरडंच.

ऑर्गंझा आणि टिश्यू: सुरकुती चटकन पडते आणि हट्टानं राहते. दमट कापड, कमी उष्णता आणि तेच दोन-तीनदा. एकदम जोर लावू नका, टिश्यूची घडी तुटते. आणि साडी मुळातच ‘क्रश’ असेल तर तिच्या चुण्या हीच तिची शोभा! हौसेनं इस्त्री करून ती सपाट केली तर परत तशी होत नाही.

मखमल: सरळ बाजूवर इस्त्री कधीच नाही. लव बसली की बसली. मखमल उलटी करून जाड टर्किश टॉवेलवर ठेवा, उलट्या बाजूनं स्पर्श न करता वाफ द्या आणि वाळल्यावर मऊ ब्रशनं लव उभी करा.

आरी वर्क, टिकल्या, खड्यांचे ब्लाउज: पालथं घालून जाड टॉवेलवर ठेवायचं, म्हणजे काम टॉवेलमध्ये रुततं आणि चेपत नाही. उलट्या बाजूनं, अस्तरावरून, कमी उष्णता. टिकल्या प्लॅस्टिकच्या असतात, त्या वाकतात. खडे चिकटवलेले असतील तर वाफेनंही डिंक सुटतो. अशा जागा सोडून द्या, फक्त बाह्या आणि पाठ करा.

सूट आणि शेरवानी: थेट इस्त्रीनं कोपरावर आणि कॉलरवर चमक येते, ती जात नाही. दमट कापड मध्ये घ्या किंवा वाफ द्या. कोटाच्या खांद्यात गुंडाळलेला टॉवेल घालून गोलाई धरा. टायला इस्त्री नको. गुंडाळून रात्रभर ठेवा, सकाळी सरळ होते.

एका शालूची गोष्ट

गेल्या लग्नसराईत आमच्या शेजारच्या काकू आईचा शालू घेऊन माझ्याकडे आल्या. आई जाऊन बरीच वर्षं झाली. शालू चाळीसेक वर्षांपूर्वीचा, ट्रंकेच्या तळाशी एकाच घडीत पडलेला. मुलीच्या लग्नात तो नेसायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. एका लाँड्रीवाल्यानं “कडक इस्त्री मारून देतो, पण फाटला तर आम्ही जबाबदार नाही” म्हणून सांगितलेलं. लग्न चार दिवसांवर.

आम्ही तो पलंगावर उलगडला. पदरावर चार आडव्या रेषा. त्यातल्या एका रेषेवर रेशीम चिरायला लागलेलं, उजेडात धरलं की बारीक फट दिसायची. असं कापड हँगरला लावायचं नसतं, स्वतःच्या वजनानंच ते फाटतं. पहिले दोन दिवस आम्ही काहीच केलं नाही. नुसता दोन चादरींच्या मध्ये आडवा पसरून ठेवला, सकाळ-संध्याकाळ अलगद बाजू बदलली. काकूंचा जीव वर-खाली. “अगं, इस्त्री कधी लावायची?” मी म्हटलं, “काकू, एवढी वर्षं थांबलाय तो, आणखी दोन दिवस थांबेल.”

तिसऱ्या दिवशी अंगावरच्या रेषा पुष्कळ निवळल्या होत्या. मग खोचायच्या टोकाला चाचणी घेतली, कमी उष्णतेवर कोरडं मलमल मध्ये घेऊन उलट्या बाजूनं अंग आणि काठ केले. पदराच्या तीन रेषांवर दमट कापड, इस्त्री ठेवायची आणि उचलायची. चिरलेल्या रेषेला मात्र इस्त्रीही नाही आणि वाफही नाही. तिच्यामागे त्याच रंगाची बारीक जाळी ठेवून मी एकेरी धाग्यानं हातशिलाई घातली, म्हणजे ताण शालूवर न येता जाळीवर येईल.

तीन रेषा गेल्या. चौथी राहिली. मी काकूंना स्पष्टच सांगितलं, ही घालवायला गेलो तर पदर तिथे दोन होईल. त्या तिच्यावरून बोट फिरवत म्हणाल्या, “राहू दे गं. आईनं घातलेली घडी आहे ती.” लग्नात पदर खांद्यावर असा बसवला की ती रेषा चुणीत गेली. मुलीच्या पाठवणीला त्याच पदरानं काकूंनी डोळे पुसले. तेवढं करू नका म्हणून सांगायला काही माझी जीभ रेटली नाही.

या ‘झटपट’ युक्त्या टाळा

व्हॉट्सअ‍ॅपवर रोज एक नवी युक्ती येते. केस सरळ करायच्या मशीननं निऱ्या आणि कॉलर करा, म्हणे. ती मशीन पुष्कळदा १८० अंशांच्या वर तापते. रेशमाची मर्यादा १५०, हे आपण वर पाहिलंच. व्हिनेगर पाण्यात घालून फवारा, म्हणे. सुती चादरीला ठीक असेल, रेशीम आणि जरीला नको. सुरकुती निघायला म्हणून केसांचा स्प्रे किंवा सेंट तर नकोच नको, जरी काळवंडते. आणि अंगावर नेसलेल्या साडीला इस्त्री किंवा स्टीमर लावणं म्हणजे भाजून घेणं. वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा खोल जातो. कार्यालयात घाईच्या वेळी हे फार होतं, तेव्हा लहान मुलांना दूर ठेवा.

सुरकुती बसूच नये म्हणून

कार्यक्रमाहून आलं की साडी लगेच घडी करून कपाटात टाकू नका. रात्रभर सावलीत मोकळी ठेवा, घाम वाळू द्या. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला. कधी तीन पदरी, कधी चार पदरी, म्हणजे एकाच रेषेवर कायमचा भार येत नाही आणि जरी तुटत नाही. एकीवर एक दहा साड्या रचू नका, जड साडी तळाला आणि हलकी वर. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडतो, त्यापेक्षा धुतलेलं मलमल बरं. डांबरगोळ्या जरीला चिकटून ठेवू नका, कापडाच्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा. खळ घातलेली साडी वर्षभर ठेवू नका, खळीला कसर लागते. फार मोलाची साडी असेल तर कापडाच्या दुकानातून तागाच्या आतली पुठ्ठ्याची नळी मागून आणा, तिला मलमल गुंडाळा आणि साडी तिच्यावर सैल गुंडाळून ठेवा. घडीच नाही, तर रेषा कुठली?

प्रवासातही तेच. बॅगेत साडीच्या प्रत्येक मोडीत एक ओढणी किंवा मऊ टॉवेल गुंडाळून ठेवा, म्हणजे मोड गोल राहते, धार धरत नाही. मुक्कामी पोचल्याबरोबर आधी साडी बाहेर काढा, मग चहा!

कपाटाच्या दारावर चिकटवून ठेवा

• कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी कपडा बाहेर.
• आधी हवा, मग गादीखाली, मग वाफ, सगळ्यात शेवटी इस्त्री.
• कापड कळलं नाही तर सगळ्यात कमी उष्णतेपासून सुरुवात.
• पाणी मधल्या कापडाला, रेशमाला नाही.
• इस्त्री ठेवा-उचला, घासू नका. निवल्यावरच घडी.
• आधी नाजूक, मग जाड.
• गॅस गिझर चालू असताना न्हाणीघर बंद नको.
• रेशीम चिरत असेल तर तिथे इस्त्री नाही. आधी आधार द्या.

तर मैत्रिणींनो, यंदा पत्रिका हातात पडली की तारखेच्या मागे तीन दिवस मोजा आणि दिनदर्शिकेवर एक खूण करून ठेवा: ‘साडी काढणे’. गॅस सिलिंडरचा नंबर लावल्याची आणि दुधाच्या हिशेबाची खूण करतो, तशीच ही. एवढं केलंत तर ऐन लग्नघाईत माझ्याकडे पॅच लावायला यावं लागणार नाही. यायचंच असेल तर चहाला या, आणि येताना ती घडी मोडलेली साडी नेसून या!